सुईची पहिली उडी

गिरिजानं भिंग तिसऱ्यांदा त्याच जागी धरलं. काजळी धरलेल्या कागदावर भूकंपमापकाच्या सुईनं कोरलेली पांढरी रेघ दोन नोंदणी केंद्रांवर आधी वर उसळली होती. तिसऱ्या केंद्रावर मात्र पहिली उडी खाली होती. कितीही वेळा पाहिली तरी खालीच.

तिनं भिंग टेबलावर आपटलं.

सुरुंग जमिनीला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो. सगळीकडे सुई आधी वर जाते. एकीकडे ढकलायचं आणि दुसरीकडे ओढायचं, ही भूकंपाची रीत. चौदा मार्चला दुपारी एक चाळीसला पिरियापट्टणजवळ जमीन हलली, तो भूकंप होता. लहानसा, पण भूकंप.

समोर रुक्मिणीआत्या बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. त्याच दुपारी तिच्या घराची भिंत शिलाई मशीनवर आणि तिच्या मनगटावर कोसळली होती.

"बोल की. खाणीतला सुरुंगच ना?"

"नाही, आत्या. भूकंप होता."

"अय्यो! मग रोज दीड वाजता माझी भांडी वाजतात, ते काय देव नाचतोय?"

"रोजचं नाही म्हणत मी. चौदा तारखेचं म्हणतेय."

"तहसीलदारानं एक तारखेपासून सुरुंग बंद केले, तरी तो शेषगिरी उडवतोच आहे. सगळं गाव सांगतंय. आणि आमचीच पोर त्याच्या बाजूनं लिहिणार! सुम्ने शिकलीस गं, उगाच. त्यापेक्षा माझ्याजवळ बसून काजं केली असतीस."

गिरिजाचा अंगठा रेघेवर होता. कागद लाखेत बुडवून वाळवलेला. रेघ पुसणं शक्य नव्हतं. पुसता आली असती तर, असं क्षणभर मनात आलं, आणि आत्यापेक्षा, सुईपेक्षा, तिला त्या क्षणाचाच जास्त राग आला. तिनं अंगठा उचलला.

दारात चपला वाजल्या. खाणमालक शेषगिरी आत आला. आत्याकडे बघून त्यानं हात जोडले.

"देवाच्या कोपाला आम्ही काय करणार, अम्मा? एक तारखेपासून मी सुरुंगाची वात पाहिलेली नाही." मग तो गिरिजाकडे वळला. "भूकंपच ना, मॅडम? लिहून दिलंत की मी सुटलो."

गिरिजानं फाइल उघडली.

"अर्जावर सही तुमचीच?"

"माझीच."

"'मार्च महिन्याची संपूर्ण नोंद तपासून तहसीलदारांना कळवावी.'" तिनं एकेक शब्द सुटा वाचला.

"संपूर्ण! लपवायला काय आहे?"

तिनं टाइपरायटरमध्ये कागद घातला. चौदा मार्च, एक चाळीस, भूकंप. शेषगिरीनं वाकून ओळ वाचली आणि हसला. आत्या पदर सावरून उठली.

"म्हणजे माझी भिंत..."

"तुझी भिंत भूकंपानंच पडली, आत्या." गिरिजानं मान वर केली नाही.

शेषगिरीनं कागदासाठी हात पुढे केला.

"थांबा. एकच ओळ झालीये."

तिनं कपाटातून काळ्या कागदांची जाड गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. दोन मार्च. तिन्ही केंद्रांच्या रेघांवर भिंग ठेवलं. दीड वाजता तिन्ही सुया वर. दिशा खाणीची. तिनं टाइप केलं. तीन मार्च. दीड वाजता, तिन्ही वर. तेही टाइप केलं. मग पाच मार्च. बटणांवर तिची बोटं इतक्या जोरात पडत होती की शाईच्या बाटलीचं झाकण खुळखुळत होतं.

"हे काय लिहिताय तुम्ही?" शेषगिरीचा हात अजून पुढेच होता.

"संपूर्ण," ती म्हणाली.

सहा मार्चचा कागद पुन्हापुन्हा गुंडाळला जात होता. दारापर्यंत गेलेली आत्या मागं आली, खुर्ची ओढून बसली, आणि डाव्या हातानं तिनं त्याचं टोक दाबून धरलं, सुईखाली कापड धरावं तसं.