दहावं नाव

बसा जरा टेकून, लॉर्नाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत, आमच्या मोंटानातल्या गावात शाळेची बस चालवते ती. तीस वर्षं झाली.

यंदा शाळेत कॉलेजच्या तोडीचं गणित सुरू व्हायचं होतं, सकाळी सातला. पण दहा पोरं बसली तरच राज्य सरकार मास्तराचा पगार देणार. नावं आली नऊ. शुक्रवार शेवटचा दिवस.

लॉर्नाच्या वेळी हाच वर्ग एका नावासाठी बुडाला होता. मग कॉलेज राहिलं, अन् ती बसच्या स्टिअरिंगमागे बसली, ती बसलीच.

दहावं नाव होऊ शकत होतं गायीवाल्या मर्ल स्ट्रँडच्या पोरीचं, जोलीचं. पोरगी हुशार, पण पहाटे गायींना गवत टाकायची. गुरुवारी लॉर्ना मर्लच्या दारात.

"तुझं कोण आहे गं त्या वर्गात?" मर्लनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग तुला का एवढी खाज?"

"जोलीला जाऊ दे, मर्ल."

"आणि गवत कोण टाकणार? गणित?"

"मी टाकीन. पोरं शाळेत सोडली की लगेच येते."

"तोवर आठ वाजतील! गायी तुझ्या बससाठी थांबतील होय?"

"थांबतील. तुझ्यापेक्षा समजूतदार आहेत त्या."

दाराआड जोली फिसकन हसली. मर्लनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "सुट्टी नाही मिळायची हां. हिमवादळातसुद्धा."

"वादळात मी बस चालवते, बाबा. गवताचं काय घेऊन बसलास?"

झालं. शुक्रवारी दहा नावं सरकारकडे गेली, वर्ग सुरू झाला.

आता रोज सकाळी पोरं उतरली, की लॉर्ना त्या वर्गाच्या खिडकीशी बस उभी करते. इंजिन चालूच. मास्तर फळ्यावर लांबलचक काहीतरी मांडत असतो, जोली मान खाली घालून लिहीत असते. लॉर्ना काचेवरची वाफ बाहीनं पुसते, डोळे बारीक करते. तिला अक्षरं दिसतात, पण अर्थ लागत नाही. मिनिटभर तशीच बघत राहते. मग गायींची वेळ होते, अन् फळा अर्धा असतानाच गियर टाकते. एकदा मी म्हटलं, आत जाऊन बस की. म्हणाली, "माझं नाव कुठं आहे त्या यादीत?"

तुम्ही शिकलेली माणसं. कधी तिकडं गेलात तर तिच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसा, आणि त्यातलं एक गणित तिला सावकाश समजावून सांगा. ती आपणहून विचारायची नाही. तुम्हीच सुरू करा.