नोराचं नाव सांगणारा रेडिओ

मी एक म्हातारा रेडिओ आहे, मित्रांनो. आयर्लंडमधल्या ट्रली गावात, एका निळ्या मोटारीत माझा मुक्काम आहे. चौदा वर्षं मी बातम्या, गाणी आणि हवामान सांगितलं. इथं रोज ‘पाऊस येणार’ म्हटलं की कधी खोटं ठरायची भीती नाही! माझ्या मालकीणबाई पद्मिनी हॉस्पिटलात मुलांच्या डॉक्टर आहेत.

२०२०च्या डिसेंबरात माझा आवाज गेला. नुसती खरखर. पद्मिनीचे यजमान चंद्रहास म्हणाले, “हा संपला. टचस्क्रीनवाला नवा टाकू.” मला फार वाईट वाटलं, कारण दोष माझा नव्हता.

मला वाचवलं मोरेश्वरांनी. हे पद्मिनीचे वडील, सांगलीच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. लेकीकडे दोन महिन्यांसाठी आले आणि कोरोनामुळे विमानं बंद झाल्यानं अडकून पडले. त्यांना इथं एकच मैत्रीण होती, शेजारची ऐंशी वर्षांची नोरा. ती कुंपणावरून अंडी द्यायची, हे लिंबाचं लोणचं द्यायचे. तिनं एकदा सांगितलं, “मोरेश, संध्याकाळी सहाला आमचा लोकल रेडिओ ऐक. नावं वाचतात. एक ना एक दिवस माझंही येईल, अँड दॅट’ल बी ग्रँड.”

मोरेश्वरांनी जन्मभर आकाशवाणीवर गाण्यांची फर्माईश करणाऱ्यांची नावं आणि गावं ऐकलेली. त्यांना वाटलं, नोराही गाण्याची फर्माईश पाठवते. मित्रांनो, सहाला वाचतात ती नावं नुकत्याच वारलेल्या माणसांची असतात. पण मी त्यांना कसं सांगणार? लहरीवर येईल तेवढंच मी बोलतो.

जानेवारीत नोराला अँब्युलन्स घेऊन गेली. भेटायला बंदी होती. “तिचं नाव लागलं तर मला कळायला हवं,” म्हणत मोरेश्वरांनी पाना उचलला.

त्यांनी मला बाहेर ओढलं, पाठीची अँटेनाची वायर काढली आणि तिथं हातभर साधी तार खोचली. मी लगेच बोलू लागलो! “घसा ठणठणीत आहे याचा, चंद्रहासराव. कान गेलाय.” मग त्यांनी मोटारीच्या छताचं अस्तर खाली घेतलं. अँटेना जिथं बसते त्या सॉकेटमध्ये पाणी मुरून हिरवा गंज चढला होता. नवं सॉकेट पोस्टानं आलं. थंडीनं बोटं वळत नव्हती, तरी त्यांनी छिद्राभोवतीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, रबराची चकती बसवली आणि नट आवळला. एक थेंब आत येणार नाही असं काम! अशा हातांना मी मनापासून नमस्कार करतो.

त्या दिवसापासून रोज सहाला ते मोटारीत येऊन बसत. निवेदकाच्या भरधाव आयरिश इंग्रजीतली नावं आणि गावं तेवढी त्यांना कळत. “हौशी आहेत लोक,” म्हणत, “पण गाणं एकच लावतात, तेही रडकं.”

नवव्या दिवशी मला नोराचं नाव घ्यावं लागलं. ते आनंदानं घराकडे धावले. “पद्मे, नोराचं नाव आलं! चल, आता तिचं गाणं लागेल!”

पद्मिनी बाहेर आली. मी सांगत होतो की दफनाला फक्त घरची दहा माणसं असतील, उद्या अकरा वाजता शवपेटीची गाडी घरावरून जाईल. “बाबा,” ती हळूच म्हणाली, “ही फर्माईश नाहीये. नोरा गेली.”

मोरेश्वरांनी मला बंद केलं नाही. शेवटच्या नावापर्यंत ऐकून म्हणाले, “दुरुस्त केला ते बरं झालं. नाहीतर उद्या मी घरात चहा पीत बसलो असतो.”

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली अंतर राखून रस्त्याकडेला उभी होती. नोराच्या फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा मोरेश्वरांनी हात जोडले. घरात येताच त्यांनी पद्मिनीला रेडिओ स्टेशनला फोन लावायला सांगितला.

मित्रांनो, एखादी वस्तू गप्प झाली की लगेच फेकू नका. आधी तिच्या वायरी तपासा, सांधे पुसा. तिच्याकडे अजून सांगण्यासारखं असतं. माझ्याकडे होतं. त्याच दुपारी, गाण्यांच्या कार्यक्रमात, निवेदिकेनं दोनदा अडखळत एक नाव वाचलं आणि मी ते जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं: “गाव सांगली, सध्या ट्रली, इथून मोरेश्वर. त्यांच्या शेजारणीसाठी, नोरासाठी, एक गाणं. रडकं नको म्हणालेत.”