बसलेली माणसं

समोरच्या गच्चीवर बसवलेला कॅमेरा दिवसभर ठरावीक वेळाने फोटो काढायचा, आणि स्टुडिओ चालवणाऱ्या दोघी बहिणींपैकी थोरली ते फोटो एकापुढे एक लावून व्हिडिओ करायची. वर्षभराचं बांधकाम, काही मिनिटांचा खेळ. इमारत उतू जाणाऱ्या दुधासारखी सरसर वर यायची. आणि ती बांधणारी माणसं? नुसती ठिपक्यांची पळापळ. घाम गाळायचा त्यांनी आणि दिसायचं मात्र सिमेंट!

एकाच ठिकाणी ती माणसं नीट दिसत होती. एक गवंडी वरून पडून मेला, तेव्हा बाकीचे काम टाकून फाटकापाशी बसले. सुरक्षेची जाळी बांधल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. बसलेला माणूस फोटोमागून फोटोत तिथंच असतो. वर ढग पळत होते, सावल्या फिरत होत्या, आणि ही मंडळी ढिम्म. कोण म्हातारं, कुणाच्या मांडीवर मूल, सगळं कळत होतं.

"मॅडम, तेवढं उडवा," बांधकाम कंपनीच्या मॅनेजरने फोनवर सांगितलं. "उद्घाटनाला रडगाणं कशाला?"

थोरलीने उडवूनही पाहिलं. तर काय, या क्षणी इमारत उघडी आणि पुढच्याच क्षणी अंगभर जाळी! जणू कंपनीलाच मायेचा पाझर फुटला. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सगळे फोटो परत जागच्या जागी लावले.

"ताई, डोक्यात राख घालू नकोस," धाकटी म्हणाली. स्टुडिओ दोघींचा, पण गिऱ्हाईक सांभाळायची ती. "पुढचे दोन टॉवर हातचे गेले तर स्टुडिओला कुलूप लागेल. ठेवायचंच तर निदान पळव तरी. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

थोरलीने सल्ला घेतला, पण उलटा. एरवी सेकंदाला पंचवीस फोटो पळत होते. बसलेल्या माणसांच्या प्रत्येक फोटोला तिने अख्खा सेकंद दिला. अर्धी फिल्म त्यांचीच झाली.

कंपनीच्या ऑफिसात मॅनेजर आणि दोघी बहिणींसमोर पडद्यावर इमारत झपाझप चढली आणि एकदम थांबली.

"अडकलं वाटतं," मॅनेजर म्हणाला.

"अडकलं नाही," थोरली म्हणाली. "बसलेत ते."

एक ढग सरकला. मॅनेजरचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "पुढे ढकला!"

"जाळी येईपर्यंत ते उठले नव्हते, साहेब. तुम्हीही बसा."

"मग पुढचे दोन्ही टॉवर विसरा!" त्याने टेबलावरच्या रिमोटकडे हात नेला.

थोरलीला धाकटीकडे बघायची हिंमत होईना. पण धाकटीने आधीच रिमोट उचलला होता. तिने तो शांतपणे आपल्या पर्समध्ये टाकला आणि चेन ओढून घेतली.

"विसरलो," ती म्हणाली. "बसा आता."