शालीखालची फुंकर

मावशीच्या पोल्ट्रीच्या फाटकाशी सकाळपासून रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात पाण्याचा डबा आणि तोंडात एकच गोष्ट: फुंकरबाबांनी फुंकलेलं पाणी पाजलं, की हगवणीने माना टाकलेल्या कोंबड्या पुन्हा दाणे टिपू लागतात. मावशीच्याही लागल्या होत्या.

बाबा डबा शालीखाली घेत, फुंकर मारत आणि परत देत. "औषध नाही, रसायन नाही. निव्वळ श्वास," ते म्हणत. श्वासाचा दर मात्र डब्याच्या आकारावर होता.

मावशीला असंच काहीतरी हवं होतं. तिची अंडी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जात, ती 'औषधाविना' या एका शब्दावर. आजार आला तेव्हा तिच्या भाचीने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरणीने, सांगितलं होतं, "ओला भुसा काढ, पाण्याची भांडी घास, शेडमधले बूट वेगळे ठेव." मावशीला हा उपचार वाटलाच नाही, झाडलोट वाटली.

आज भाचीही रांगेत उभी राहिली. "बाबा, एक डबा शालीबाहेर फुंकाल?"

"उघड्यावर श्वास उडून जातो, बाळ."

"मग आत ऑफिसात चला की," मावशी भाबडेपणाने म्हणाली. "दारं-खिडक्या लावते. पंखाही बंद करते."

एवढ्या भक्तीपुढे बाबांचं काही चालेना. त्यांनी सगळ्यांदेखत, शालीबाहेर, एका डब्यात फुंकर मारली.

भाचीने एकाच पातेल्यातलं दूध दोन वाट्यांत घेतलं, सारखंच विरजण लावलं. एकीत शालीखालचं पाणी घातलं, दुसरीत उघड्यावरचं. दोन्ही वाट्या पिल्लांच्या उबेच्या दिव्याखाली ठेवल्या. खोलीला कुलूप लावलं, किल्ली मावशीच्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी उघड्या फुंकरीच्या वाटीत घट्ट दही लागलं होतं. शालीखालचं दूध होतं तसंच.

"त्या दुधाची श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"दूध एकाच पातेल्यातलं होतं हो," मावशी म्हणाली, आणि तिने शाल ओढली. खाली पुड्या पडल्या.

भाचीने एक पुडी वाचली. "प्रतिजैविक आहे. कोंबड्यांचे जंतू मेले तसे विरजणातलेही मेले. पण हे असं सरसकट पाजलं की चिवट जंतू तेवढे उरतात. मग खरी गरज पडते तेव्हा हेच औषध लागू पडत नाही. कोंबडीला नाही, माणसालाही नाही."

"अंड्यात उतरतं?"

"उतरतं."

मावशीने इस्पितळात फोन लावला. "माझी अंडी कुणाला देऊ नका. ती औषधाविना नाहीत."

मग ती पदर खोचून भुसा उपसायला गेली. भाचीने खाद्यात मिसळायला उपयोगी जंतू दिले, दह्यातल्यांचेच भाऊबंद. "औषध लागलंच तर देऊ," ती म्हणाली, "पण उघड, मोजून, आणि त्याचा अंश अंड्यातून जाईपर्यंत अंडी विकायची नाहीत." आणखी काही कोंबड्या मेल्या, मग कमी, मग मरायच्या थांबल्या. हे बघायला फाटकाशी रांग लागली नाही.

घरात आजार आला की माणूस घायकुतीला येतो. त्यात लाज कसली? फक्त डबा हातात देण्याआधी एवढं म्हणावं: शाल जरा बाजूला करा.