तेवीस नंबरची सीट

शाळेची बस चालवायला लायसन्स लागतं म्हणतात. लागत असेल. पण त्याच्या आधी माणसाला कान बंद करता आले पाहिजेत. पाचवी ते दहावीची एकोणचाळीस पोरं, सहा थांबे, आणि रस्ता असा की उतरल्यावर पाठ तासभर बोलत राहते. एक पोरगा आहे, त्याला सगळे तोफ म्हणतात. तो हळू बोलला तरी मला वाटतं टायर फुटला. एक सहावीतली पोरगी आहे, तिला मी प्रश्नपत्रिका म्हणतो. "काका, ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते, मग ब्रेक सोडल्यावर लगेच का पळत नाही?" सकाळी साडेनऊला, घाटाच्या वळणावर, हा प्रश्न.

ते सगळं मी सोसलं. सोसलं नाही ते सीटांचं. रेक्झिनला एवढंसं भोक दिसलं की पोरांच्या बोटांना खाज सुटते. आज भोक, उद्या त्यात पेन, परवा आतला स्पंज बाहेर. मग त्या स्पंजचे गोळे करून एकमेकांना मारायचे. दर रविवारी मी दाभण आणि नायलॉनचा दोरा घेऊन बसायचो. बायको म्हणायची, "माझ्या उशीची शिवण उसवली त्याला वर्ष झालं. तिलाही बसमध्ये नेऊन ठेवते, म्हणजे तुमची नजर जाईल."

शेवटी एक दिवस मी मोठ्या बाईंकडे गेलो. मोठ्या बाई म्हणजे आमच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. म्हटलं, "बाई, प्रत्येकाला नंबर देऊन एकच सीट द्या. उतरताना सीट मला दाखवून उतरायचं. ज्याच्या सीटला नवीन फाड दिसेल, त्याची बस त्या सत्रापुरती बंद. मग बघा कशी सरळ येतात."

बाईंना पटलं. कागद टाइप झाला, पालकांच्या सह्या झाल्या, आणि सगळ्यात खाली माझी. मी सहावीतून शाळा सोडलेला माणूस, पण सही झोकात करतो. त्या दिवशी जरा जास्तच झोकात केली.

दीड महिना नियम लोण्यासारखा चालला. पोरं सीटवर अशी बसायची जणू खाली अंडी आहेत. मी घरी फुशारकी मारत होतो. आणि मग एका गुरुवारी संध्याकाळी तेवीस नंबर फाटलेला सापडला.

तेवीस नंबर मागच्या दाराजवळ. तिथं बसायची मास्तरीण. दहावीतली पोरगी, शेवटच्या थांब्यावरची. तिला मास्तरीण म्हणतात कारण अर्ध्या बसची गणितं तीच करवून घेते. तोफसुद्धा तिच्यापुढं पुटपुटतो. तिचा बाप लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करतो, आई नाही, धाकटी बहीण पाचवीत आहे. वखारीची वस्ती शाळेपासून अकरा किलोमीटर, आणि आमच्या बसशिवाय तिकडं दुसरं काही जात नाही.

दोघी बहिणी शेवटी उतरायच्या. मी मागं जाऊन बघतो तर पाठीच्या रेक्झिनला वीतभर चीर.

"हे काय?"

"मी बसले तेव्हाच होतं, काका."

"मग तेव्हाच सांगायचं होतं."

"चालू गाडीत कुणी जागचं उठायचं नाही, असं तुम्हीच म्हणता."

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. दिवसभराचा ताप डोक्यात होता. म्हटलं, "फाडल्यावर सगळे असंच म्हणतात."  तिनं बहिणीचा हात धरला आणि उतरून गेली.

शुक्रवारी सकाळी ती बसमध्ये चढली तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, "आजचा दिवस बस. उद्यापासून तुझी बस बंद." बाईंनीही तेच केलं. त्या तरी काय करणार, नियमाचा कागद भिंतीवर लावलेला. म्हणाल्या, "पालकसभा पुढच्या शनिवारी आहे, तिथं कायम करू. तोवर बंद." वर मला म्हणाल्या, "दहावीचं वर्ष आहे हो. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही तिला." हे मला सांगून काय उपयोग होता? पण त्या मलाच सांगत होत्या, आणि का सांगत होत्या तेही मला कळत होतं.

सोमवारपासून माझे हाल सुरू झाले. धाकटीची बस चालू होती ना. म्हणजे रोज सकाळी मी वस्तीवर जायचो, आणि रोज सकाळी मास्तरीण धाकटीला थांब्यावर घेऊन यायची. तिचं दप्तर नीट करायची, तिच्या हातात स्वतःची वही द्यायची, बाईंकडून तपासून आणायला. माझ्याकडं बघायची नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट देता आल्या असत्या.

बसमध्येही वेगळाच तमाशा. कुणी आवाज करेना. एकोणचाळीसातली एक गेली आणि उरलेली अडतीस पुतळ्यासारखी. तोफ खिडकीबाहेर बघतोय. मी म्हटलं, "काय रे, घसा बसला का?" तर म्हणाला, "नियमात आवाजाचं काही आहे का काका? म्हणजे आधीच विचारलेलं बरं." मी आरशातून डोळे वटारले. आयुष्यभर ज्या शांततेसाठी बोंबललो ती मिळाली, आणि ती मला खायला उठली.

बुधवारी धाकटीनं उतरता उतरता सांगितलं, "ताई पुढच्या सोमवारी आत्याकडं जाणार. आत्याला बाळ झालंय, सांभाळायला कुणी नाही." एवढंच. मला कळलं की पोरगी आत्याकडं गेली की परत शाळेत येत नाही. अशा पोरी मी पाहिल्यात. माझी बहीणच तशी गेली होती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मी मुद्दाम मागं ठेवत नव्हतो, माझ्या डोक्यातच नव्हती. बसमध्ये पाटी आहे, विद्यार्थ्यांशिवाय कुणाला आणि कशालाही नेऊ नये. माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं मेव्हण्याचं लोखंडी कपाट नेलं, तर दुसऱ्या दिवशी तो घरी. पण पाटी वाचून गावात राहता येतं का? शाळेशेजारी दर गुरुवारी धारवाला बसतो. आमच्या गावच्या बायका बुधवारी संध्याकाळी माझ्या दारात विळे, कोयते, कात्र्या आणून टाकतात. पहिली आमची वहिनी. "भावजी, जाताच आहात, तर एवढं न्या." मग ती शेजारणीला सांगते, शेजारीण तिच्या सासूला. सगळं एका गोणपाटात गुंडाळून मी न्यायचो, दुपारी धार लागून आलं की परत आणायचो. चार वर्षं हेच चाललेलं. त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलंच नाही.

तर तो गुरुवार उजाडला. दुपारी बस शाळेमागं उभी करून मी दाभण घेतलं आणि तेवीस नंबर शिवायला बसलो. चीर बघितली आणि हात थांबला. इतकी वर्षं पोरांनी फाडलेलं शिवतोय. पोरगं फाडतं तेव्हा कडा कुरतडलेल्या असतात, बोट घालून घालून भोक रुंद झालेलं असतं, आणि आतला स्पंज तर उरतच नाही. इथं कडा स्वच्छ, चीर चंद्रकोरीसारखी वाकडी, आणि स्पंज जागच्या जागी. असा स्पंज समोर दिसत असताना त्याला बोट न लावणारं पोरगं अजून जन्माला यायचंय. कडेला गोणपाटाचा एक धागा अडकलेला होता. तरी माझी ट्यूब पेटली नाही हो. मी तो धागा काढून फुंकला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. धारवाला गाठोडं घेऊन आला आणि शेजारच्याच सीटवर धप्पकन टाकलं. "आज तुम्ही बसलाय म्हणून इथं ठेवतो. नाहीतर नेहमीची जागा तीच," असं म्हणून त्यानं तेवीस नंबरकडं हनुवटी केली.

"नेमकं इथंच का ठेवतोस?"

"मागच्या दारातून जवळ पडतं. तुम्ही पुढं घोरत असता, तुम्हाला कशाला उठवायचं?"

गाठोड्यातून एका विळ्याचं टोक बाहेर आलं होतं. पोरं सुटायच्या आधी ते गाठोडं ओढत पुढं माझ्या सीटखाली कोण न्यायचं? मीच.

मी दाभण खाली ठेवलं. पहिला विचार काय आला ते खरं सांगतो. पहिला विचार आला, गप्प बसावं. नियम मोडणाऱ्याला नोकरीवरून काढायला बाईंना पाच मिनिटं लागत नाहीत. दुसरा विचार आला की बाईंना गुपचूप सांगावं, उंदरानं कुरतडलं. घरी जाऊन बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "उंदीर विळ्यासारखं कुरतडतो का?" मग थोड्या वेळानं, "तुमची नोकरी गेली तर मी बघते काय करायचं ते. ती पोरगी गेली तर कोण बघणार?"

शनिवारी दहावीच्या वर्गात पालकसभा. मोठाली माणसं पोरांच्या बाकात गुडघे दुमडून बसलेली. मास्तरणीचा बाप आला नव्हता. पोरीचं नाव असं निघाल्यावर कुठल्या तोंडानं यायचं, असं तो म्हणाला होता म्हणे. बाईंनी कागद वाचला. शाळा कमिटीचे सेक्रेटरी उठले. "एक सत्र कशाला, वर्षभर बंद करा. एकीला धडा मिळाला की चाळीस सुधारतात."

मी उठलो. "बाई, ती फाड माझी आहे."

"तुम्ही फाडलीत?"

"मी नाही, विळ्यानं. पण विळा मी आणला. दर गुरुवारी आणतो. पाटी असून आणतो. पोरीनं तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

"कुणाचा विळा?" सेक्रेटरी गरजले.

 सगळे वर पंख्याकडं बघायला लागले, आणि पंखा बंद होता. मी नाव घेणार नव्हतो. पण सेक्रेटरींची बायको मागच्या बाकावरून म्हणाली, "ओरडू नका. आपलाच असेल, लाल मुठीचा. त्याचं टोक सारखं बाहेर येतं, मी तुम्हाला शंभरदा सांगितलंय."

"आमचा कधी बाहेर येत नाही," आमची वहिनी म्हणाली. "मी चिंधी गुंडाळून देते."

"चिंधी गुंडाळता म्हणे. मागच्या वेळी माझी कात्री तुमच्या चिंधीत अडकून आली," शेजारीण म्हणाली.

झालं. कुणाचा विळा नीट गुंडाळलेला असतो यावर दहा मिनिटं वाद. दीड महिना पोरांना शिस्त शिकवणारी माणसं ही. शेवटी बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं, खडूची धूळ उडाली, आणि पुढच्या बाकावरचे दोघं शिंकले.

"पुरे," बाई म्हणाल्या. "मुलीचं नाव मी आत्ता कागदावरून काढते. तिचे बुडालेले दिवस शाळेच्या चुकीत धरू, हजेरीत कापणार नाही. ड्रायव्हर, तुम्हाला लेखी ताकीद. पुन्हा बसमध्ये चमचा जरी दिसला तर घरी बसायचं. आणि तिला आणायला तुम्ही जायचं, आजच. मी चिठ्ठी पाठवणार नाही."

गेलो. बाप वखारीच्या दारात भुसा झाडत होता. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं ऐकून घेतलं आणि झाडू भिंतीला टेकवला. "आठ दिवस मी पोरीशी बोललो नाही," तो म्हणाला. "माझाही विश्वास बसला होता. आता मी कुठल्या हक्कानं सांगू, शाळेत जा म्हणून? आत्याला शब्द दिलाय. तिलाच विचारा."

ती आतच होती, दारामागं. बाहेर आली. आत्याच्या घरी न्यायची पिशवी भरून ठेवलेली मला दिसत होती.

"चुकलो बाळा," मी म्हटलं. "सोमवारी बसमध्ये ये."

"मला इथं काय सांगताय?" ती म्हणाली. "सगळ्यांसमोर काढलं होतं ना?"

"होतं."

"मग सगळ्यांसमोर बोला. नाहीतर मी आत्याकडं जाते. तिथं निदान कुणी खोटारडी म्हणत नाही."

मी मान डोलावली. काय करणार, पोरगी गणितात हुशार, हिशोब चुकत नाही तिचा.

सोमवारी ती थांब्यावर आली, दप्तर घेऊन. चढली नाही. म्हणाली, "सगळे चढले की." मग काय, तिला खाली सोडून पुढचे पाच थांबे कसे घेणार? शेवटी असं ठरलं की तिनं दारातल्या पायरीवर उभं राहायचं, आत सीटवर बसायचं नाही. चालू गाडीत दारात उभं राहायचं नाही हाही माझाच नियम. तो मी स्वतः मोडला आणि गाडी बैलगाडीच्या वेगानं आणली. पाचव्या थांब्यापर्यंत वीस मिनिटं उशीर.

बस भरली तेव्हा मी इंजिन बंद केलं आणि मागं तोंड करून उभा राहिलो. 

"सीट हिनं फाडली नव्हती," मी म्हटलं. "माझ्यामुळं फाटली. ती खरं बोलत होती आणि मी तिला खोटं पाडलं. चूक माझी."

 मग प्रश्नपत्रिकेचा हात वर. "काका, मग आता या सत्रात तुमची बस बंद का?"

"तुम्ही शाळेत चालत या," तोफ म्हणाला. "आम्ही बस आणतो."

आणि सगळी बस फुटली. हसणं, बाकं बडवणं, शिट्ट्या. आठ दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर. मी ओरडलो, कुणी ऐकलं नाही. कान बंद करायची माझी सवयही मोडली होती.

मास्तरीण पायरीवरून वर आली. माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदा. हसली वगैरे नाही.

"चला काका," ती म्हणाली. "पहिला तास गणिताचा आहे. आधीच उशीर केलाय तुम्ही."

आणि मागं जाऊन आपल्या जागेवर बसली.