घट्ट झाकणाची नळी

बेकरी बंद पडल्यावर मामांना भाचीच्या प्रयोगशाळेत नळ्या धुण्याचे काम मिळाले. भाची तेथे आतड्यात राहणाऱ्या एका एकपेशीय परजीवीचा अभ्यास करीत असे. त्या जिवाला प्राणवायू विषासमान. सबब त्याच्या नळ्या काठोकाठ भरून, एक बुडबुडाही न ठेवता, घट्ट बंद कराव्या लागत.

आपल्या संशोधनाच्या अंतिम परीक्षेच्या दिवशी सकाळी भाचीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. पाच नळ्या पाहिल्या. पाचांतही सारे जीव मरून पडलेले.

"मामा, झाकणं कुणी सैल केली?"

"मीच की, काल संध्याकाळी. तीन दिवस बिचारे कोंडलेले, बघवेना. खमीर घातलेल्या पिठाचं झाकण आम्ही किलकिलंच ठेवायचो."

"हे खमीर नाही हो! यांना हवा म्हणजे फाशी! दुपारी परीक्षक बाईंना काय दाखवू, माझं कपाळ?"

मामा मटकन स्टुलावर बसले. मग चाचरत म्हणाले, "सहावीचं मात्र काही केल्या उघडलं नाही. सोमवारी मी आवळलं तेव्हा तू ओरडली होतीस बघ, झाकणाशी कुस्ती खेळता का म्हणून. तीच ती."

दोघांनी मिळून ते झाकण चिमट्याने फिरवले. आतले जीव झुंडीने पोहत होते! भाचीचा जीव भांड्यात पडला. तिने लगोलग त्यांच्यावर चमकणारा रंग चढवायला घेतला.

रंग मुरेपर्यंत मामांनी विचारले, "पण तू यांच्यात शोधतेस तरी काय?"

"आपल्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात ना, ऊर्जा देणारे? त्यांचाच झिजून उरलेला अंश."

"म्हणजे आमच्या बेकरीसारखंच. भट्टी गेली, आता तिथं शिंपी बसतो. पण पाव द्यायची खिडकी तीच. त्यातून तो सदरे देतो."

भाचीचे हात क्षणभर थबकले.

दुपारी परीक्षक बाईंनी सूक्ष्मदर्शकात पाहिले. काळोखात हिरवे ठिपके लुकलुकत होते.

"हे ठिपके ऊर्जा तर बनवत नाहीत. मग यांच्या पूर्वजांकडे मायटोकॉन्ड्रिया होते, हे कशावरून?"

दाराशी उभ्या मामांनी उपरण्याचे टोक मुठीत आवळले. भाची मात्र हसली.

"बाई, भट्टी गेली, पण खिडकी राहिली. प्रथिनं आत घेणारी दारं मायटोकॉन्ड्रियाच्याच घडणीची आहेत. आणि लोह-गंधकाचे पुंजके घडवण्याचं जुनं काम आत अजून चालू आहे. ज्याच्याकडे बेकरी कधी नव्हतीच, त्याच्या भिंतीला पावाची खिडकी कशी असेल?"

बाई खळखळून हसल्या. "ही खिडकी कोणत्या ग्रंथात वाचलीस?"

"ग्रंथ दाराशी उभा आहे," भाची म्हणाली.

उत्तीर्णतेच्या कागदावर सही झाली. मामांनी उपरण्याने डोळे टिपले आणि नव्या नळ्या भरायला घेतल्या.

"पोरी, झाकणं कितपत आवळू?"

"कुस्ती खेळा, मामा. खुशाल खेळा."