माझ्या कॉइलवरचं कुंकू

मी एक जुनी पेट्रोल गाडी आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकायला नको, मित्रांनो.

माझा जन्म एकोणीसशे शहाण्णवचा. कारखान्यातून माझ्यासारख्या शेकडो बाहेर पडल्या, त्यांच्यात मी काही वेगळी नव्हते. वेगळी झाले ती कोरेगावात. सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या केरबांनी मला जुन्या बाजारातून घेतलं, त्यांच्या लेकीसाठी. लेकीचं नाव संयोगिता. तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओने लुळा पडलेला. ड्रायव्हिंग शिकवणारा म्हणाला, "पोरीला मागं बसवा, तिला कशाला स्टेअरिंग?" केरबा लेकीला घेऊन घरी आले. महिनाभर लेथवर खपले आणि माझ्या गिअरच्या दांड्याजवळ एक लोखंडी मूठ बसवली. ती बोटांनी ओढली की क्लच दाबला जातो, पाय लागत नाही. आरटीओच्या साहेबांनी ती मूठ तीनदा ओढून पाहिली आणि कागदावर नोंद केली. त्या दिवसापासून संयोगिताचा डावा पाय म्हणजे मी.

लग्न होऊन ती आष्ट्याला आली, मीही आले. सांगलीच्या शाळेत तिला पहिलीचा वर्ग मिळाला. सकाळी सातची शाळा. उसाच्या ट्रॉल्या चुकवत आम्ही वीस वर्षं गेलो. वाटेत तिला वाटलं तर कृष्णेच्या पुलापाशी ती मला थांबवायची, दोन मिनिटं नुसती पाण्याकडे बघायची आणि निघायची. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. गावात लोक म्हणायचे, "मास्तरीणबाई आल्या बघा." गाडी आली असं कुणी म्हणायचं नाही. मला त्याचंच बरं वाटायचं.

तिचे यजमान नानासो मनाने फार चांगले. शेती, दोन म्हशी आणि देवावर भार. पहिल्या खंडेनवमीला त्यांनी माझं बॉनेट उघडून मेकॅनिकला विचारलं होतं, "हिचा जीव कशात असतोय रं?" त्याने कॉइल दाखवली. ही एक काळी डबी असते. बॅटरीचा बारीकसा करंट ती मोठा करते, तो जाड वायरीतून प्लगपर्यंत जातो आणि तिथे ठिणगी पडते. नानासोंनी हात जोडले आणि ओल्या बोटांनी त्या डबीच्या तोंडापाशीच हळद-कुंकू लावलं. मग दर खंडेनवमीला लावलं. थरावर थर, त्यावर धूळ, त्यावर पुढच्या वर्षीचा थर.

गेल्या हिवाळ्यापासून मी सकाळी चालू होईना.

चालू होईना म्हणजे इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. दहा वाजता ऊन आलं की पहिल्या चावीला सुरू. आणि मेकॅनिक यायचा बाराला! मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर त्या अंगणात मी काय काय बोलले असते! पहिल्याने प्लग बदलले. दुसऱ्याने बॅटरी बदलली. तिसऱ्याने कार्बोरेटर खोलून धुतला, पेट्रोलचा पंप बदलला आणि म्हणाला, "वहिनी, गाडी म्हातारी झाली." चौथा तर मुठीकडे बघून हसला. "हा जुगाड काढून टाका. बाईमाणसाच्या हातात गाडी, वर असलं काहीतरी. बिघडणारच."

बिघडणारच! अरे, सकाळच्या धुक्याशी क्लचच्या मुठीचा काय संबंध? चौघांनी माझं बॉनेट उघडलं. चौघांच्या डोळ्यांसमोर तो लाल-पिवळा गोळा होता. एकानेही फडकं लावलं नाही. पूजेचं कुंकू कोण पुसणार? हात जोडायचे आणि दुसरीकडे पान्हा घालायचा. आणि कुणी एकाने तरी विचारलं का, की ही बंद कधी पडते? नाही. सगळ्यांना बदलायची घाई, ऐकायला सवड कुणालाच नाही.

संयोगिताला उशीर व्हायला लागला. मुख्याध्यापकांनी सांगितलं, अजून एकदा उशीर झाला तर पहिलीचा वर्ग दुसऱ्या बाईंना. शेवटी एका रात्री जेवताना नानासो म्हणाले, "भंगारवाल्याशी बोललोय. परवा सकाळी टेम्पो आणतोय."

तिने ताट बाजूला सारलं, तसे तेच पुढे म्हणाले, "मी सोडीन की रोज. मोटरसायकल हाय."

"सोडाल हो. आणायला?"

"आणीन की."

"आणि मधे मला कुठं थांबावंसं वाटलं तर?"

"थांबायचं कशाला?" नानासोंना खरंच कळलं नाही. त्यांना न कळण्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिने रात्रीच फोन केला होता, दुपारच्या एसटीने केरबा आले. आता त्यांना मोतीबिंदूमुळे धूसर दिसतं. माझ्या टपावरून हात फिरवत ते लेकीला म्हणाले, "पान्हा नगं आणूस. आदी सांग, कवा बंद पडती?"

"सकाळी, आबा. धुकं असलं की हमखास."

"पावसात?"

"हो. पावसातही."

"आन उनात?"

"कधीच नाही."

"मग हिला ओल सोसंना. एवढं सांगतीया बिचारी, तुमी ऐकाय नगं?"

मित्रांनो, वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की मी काहीतरी सांगतेय. राग इतका साचला होता की तेव्हाच हॉर्न वाजवावासा वाटला.

केरबांनी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली मागवली. मला चालू केलं. मग बॉनेटवर घोंगडं टाकून म्हणाले, "सर्दीला वाफ घेतीस तशी आत डोकं घाल. पदर खोच, पंख्यापास्नं लांब. हात लावू नगंस, झटका बसंल. मी सांगतो तितंच पाणी मार, आन काय दिसतंय ते बोल. मला आता दिसत न्हाई."

तिने प्लगच्या वायरींवर फवारा मारला. मी चालूच. करंट प्रत्येक प्लगला वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर मारला. मी चालूच.

"आता कॉइलवर."

फुस्स. मी खोकले, अडखळले.

"आबा!" घोंगड्यातून ती ओरडली. "निळं! निळं काहीतरी पळतंय, कुंकवावरून खाली!" आणि मी बंद पडले.

ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नव्हती. ओल्या कुंकवावरून वाट काढून ती बाहेरच्या बाहेर माझ्या अंगात जिरत होती.

"फडकं आण," केरबा म्हणाले.

नानासो धावत आले. "आवं मामा, पुसू नका! वीस वरसाचं कुक्कू हाय. अपशकुन व्हतोय."

"जावईबापू," केरबा शांतपणे म्हणाले, "मिलिटरीत आमी बी पूजा करायचो. टायरची, स्टेअरिंगची. करंटच्या वाटंवर कुनी कुक्कू लावतंय व्हय? देवाला हात जोडा, पर त्याच्या नाकातोंडात बुक्का कोंबू नगा."

"मी काय मुद्दाम केलं?" नानासोंचा आवाज चिरकला. "हिचा जीव तितंच असतोय म्हनून लावलं. आमची कारभारीण रोज हिच्यातनं जाती म्हनून लावलं."

 त्या क्षणी मी जरा वरमले, पण थोडीच.

फडकं संयोगितानेच घेतलं. चावी काढली आणि कुंकू पुसलं. खाली डबीच्या काळ्या तोंडावर केसाएवढी जळकी रेघ निघाली. तिने सांगताच केरबा म्हणाले, "मग पुसून भागायचं न्हाई. रेघ पडली की ठिनगी तीच वाट धरती. नवी कॉइल पायजे."

नानासोंनी मोटरसायकलला किक मारली. रविवार म्हणून सांगलीत दुकानं बंद होती. एका ओळखीच्याला घरातून उठवून त्यांनी कॉइल आणली. संध्याकाळी ती बसवली, पण झोपायला जाता जाता नानासो म्हणालेच, "टेम्पोवाल्याला शब्द दिलाय. सकाळी धुक्यात चालू झाली तर ऱ्हाईल. न्हाई झाली तर तो येनारच हाय."

सकाळी धुकं असं की फाटकही दिसेना. फाटकाबाहेर टेम्पो मात्र उभा होता, त्याचे दिवे दिसत होते. केरबा ओट्यावर बसले होते. नानासो हात चोळत उभे. संयोगिता आत बसली, मूठ ओढली आणि चावी फिरवली.

मी पेटले. पहिल्या चावीला, आणि वर्षभराच्या रागासकट.

टेम्पोवाला फाटकातून ओरडला, "मालक, गाडी कुठाय?"

नानासोंच्या आधी संयोगिताने काच खाली केली. "भाऊ, टेम्पो मागं घ्या. मला शाळेला उशीर होतोय."

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी सारखं बंद पडत असेल. मिक्सर असेल, शिलाई मशीन असेल. त्याला म्हातारं म्हणण्याआधी एवढंच विचारा: तू बंद कधी पडतोस? आणि उत्तर येईपर्यंत थांबा. माझा राग अजून गेलेला नाही. त्या सकाळी पुलापाशी संयोगिताने मला थांबवलं. दोन मिनिटं आम्ही पाण्याकडे पाहत राहिलो, धुक्यात, इंजिन बंद करून. मग तिने पुन्हा चावी फिरवली.